यंत्राला धनी लागतो

(आपल्या वार्षिक मेळाव्यात शनिवारी दुपारी केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. वेळेअभावी गाळलेले एक-दोन मुद्दे इथे घातले आहेत.)



जेवणात श्रीखंड होतं आणि जेवणानंतरचं पहिलं सत्र माझं आहे. तेव्हा कुणाचा डोळा लागला तर मी राग मानणार नाही. फक्त घोरू नका, शेजारचा जागा होतो.

संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'ग्रामीण भागात वायरलेस ब्रॉडबँड'. मी बरीच वर्षं सॅन डिएगोत रेडिओ इंजिनिअर म्हणून काम करतो, त्यामुळे मी अँटेनावर बोलेन अशी त्यांची समजूत दिसते. अँटेनावर मी पाच मिनिटं बोलेन. उरलेला वेळ माझी एक फजिती, आणि त्या फजितीतून मला जे शिकायला लागलं त्यावर. कारण आज संध्याकाळच्या बैठकीत आपण गावच्या शाळांना इंटरनेट देण्यासाठी निधी उभारायचा की नाही हे ठरवणार आहोत. ते ठरवण्याआधी हे ऐकलेलं बरं.

आधी फजिती.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. माण म्हणजे दुष्काळ, हे तुम्हाला सांगायला नको. २००५ च्या जानेवारीत भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठी परवानामुक्त केला. म्हणजे ज्या लहरींवर आपलं घरचं वायफाय चालतं, त्या लहरी एका गावातून दुसऱ्या गावात पाठवायला दिल्लीचा परवाना लागेनासा झाला. अमेरिकेत ही मोकळीक १९८५ सालीच मिळाली होती. बातमी वाचली आणि माझे हात शिवशिवायला लागले. कॉलेजच्या बॅचमधले आम्ही आठ जण अमेरिकेत होतो. प्रत्येकाने थोडे थोडे असे साडेसात हजार डॉलर जमवले. तालुक्याच्या गावी ब्रॉडबँड पोचलं होतं. तिथून आमचं गाव सरळ रेषेत अकरा किलोमीटर. मध्ये एक टेकडी होती, पण पाण्याच्या टाकीवर चढलं की ती आड येत नव्हती.

अँटेनाची पाच मिनिटं ती हीच. वायफाय हे शंभर-दीडशे फुटांसाठी बनवलेलं तंत्र आहे. पण दोन्ही टोकांना जाळीचं मोठं ताट बसवलं, ती ताटं एकमेकांकडे नीट रोखली आणि मध्ये झाड-डोंगर येऊ दिलं नाही, तर तीच लहर दहा-वीस किलोमीटर सहज जाते. एक मेख आहे. हा रेडिओ निरोप पाठवला की पोच येण्याची वाट बघतो. अंतर लांबलं की पोच उशिरा येते, त्याला वाटतं निरोप हरवला, आणि तो तेच तेच पुन्हा पाठवत बसतो. बर्कलेच्या विद्यापीठात एरिक ब्रुअर यांच्या गटाने यावर चांगलं काम केलं. पोचेची वाट बघण्याऐवजी दोन्ही टोकांनी आळीपाळीने, ठरल्या वेळी बोलायचं. झालं, अँटेना संपली. हा भाग इतकाच अवघड आहे.

आम्हीही तो पार पाडला. २००६ च्या १५ ऑगस्टला हायस्कूलमध्ये इंटरनेट सुरू झालं. नारळ फुटला, मुलांनी पेढे खाल्ले, मी फोटो काढले. ते फोटो तुमच्यापैकी काहींच्या इनबॉक्समध्ये अजून असतील, कारण मी ते सगळ्यांना पाठवले होते.

चौदा महिन्यांत सगळं बंद पडलं. कसं, तेही सांगतो. यात कुणा एकाची चूक नव्हती. बॅटरीत पाणी घालायचं काम नक्की कुणाचं, हे ठरलं नव्हतं. ज्या मुलाला आम्ही सगळं शिकवलं, तो शिकला म्हणूनच त्याला पुण्यात नोकरी लागली. मे महिन्यात वळीव आला, वीज कडाडली आणि टाकीवरचं सर्किट जळलं. दुरुस्तीचे चार हजार रुपये शाळेच्या कुठल्याच हेडखाली बसेनात. आणि महिन्याचं बिल आम्ही एक वर्षाचं आगाऊ भरलं होतं, त्यापुढचं कुणी भरायचं हा विषयच निघाला नव्हता.

२००८ च्या डिसेंबरात गावी गेलो. शाळेच्या दुसऱ्या ताटाची जाळी माझ्या चुलतभावाच्या परड्यात उभी होती आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलेला होता. वेल छान होता, दोडकीही लागली होती. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "दादा, राग मानू नका. तुम्ही मशीन दिलंत, पण मशीनला धनी दिला न्हाईत."

मला तेव्हा राग आला होता. मनात म्हटलं, सात समुद्रांपलीकडून आम्ही पैसे पाठवायचे, डोकं चालवायचं, आणि यांना बॅटरीत पाणी घालता येत नाही. हा राग आपल्यापैकी पुष्कळांना ओळखीचा असेल. देणगी देणाऱ्याचा राग असतो तो, आणि तो नेहमी गावावरच निघतो.

त्याच वर्षी बर्कलेच्या त्या गटाने एक निबंध प्रसिद्ध केला. तमिळनाडूत थेनी इथल्या अरविंद नेत्र रुग्णालयासाठी त्यांनी असंच लांब पल्ल्याचं वायफाय उभारलं होतं. खेड्यातल्या तपासणी केंद्रातला रुग्ण व्हिडिओवरून रुग्णालयातल्या डॉक्टरांना दिसायचा. निबंधाचा विषय होता, प्रायोगिक टप्पा संपल्यावर अशी जाळी जिवंत कशी ठेवायची. जगातल्या उत्तम इंजिनिअरांनी लिहिलं होतं की आम्हाला सगळ्यात जास्त त्रास झाला तो गावच्या खराब विजेचा, त्यातल्या झटक्यांनी जळणाऱ्या यंत्रांचा, आणि बिघाड झाल्यावर तिथल्या तिथे तो ओळखणारं माणूस नसण्याचा. वाचताना वाटलं, हे आमच्याच टाकीबद्दल लिहिलंय. फरक एवढाच की त्यांनी यंत्र वीज सोसेल असं केलं आणि रुग्णालयाची माणसं शिकवून तयार केली. रुग्णालयाला ती जोडणी रोज लागत होती. तिथे धनी होता.

आता इथे या, माझ्या घराच्या मागच्या अंगणात म्हणा ना.

सॅन डिएगो म्हटलं की समुद्र, नौदल आणि मोबाइलच्या कंपन्या आठवतात. पण त्याच काउंटीत पूर्वेला डोंगरात मूळ अमेरिकनांची अठरा रिझर्व्हेशन्स आहेत, देशातल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. २००० च्या सुमाराला, शहरात आम्ही जगाचे मोबाइल घडवत होतो आणि तासाभराच्या अंतरावर या वस्त्यांमध्ये इंटरनेटची साधी तार नव्हती. कंपन्यांचं उत्तर ठरलेलं होतं : घरं थोडी, दऱ्या खोल, परवडत नाही.

त्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशातून एक वायरलेस जाळं सुरू झालं. हान्स-व्हेर्नर ब्राउन आणि भूकंपाचा अभ्यास करणारे फ्रँक व्हर्नन हे त्याचे कर्ते. डोंगरावरची भूकंपमापकं आणि पालोमारची वेधशाळा जोडायची, हा त्यांचा हेतू. पण वाटेत पाला आणि रिंकॉन या जमातींची शिक्षण केंद्रं लागत होती, ती त्यांनी जोडून घेतली. जमातींनी ते पाहिलं आणि पुढचं पाऊल स्वतः टाकलं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या जमातप्रमुखांची जी संघटना आहे, तिने २००१ साली ह्युलेट-पॅकर्डकडून तीन वर्षांसाठी पन्नास लाख डॉलरची मदत मिळवली आणि 'ट्रायबल डिजिटल व्हिलेज' सुरू केलं. डोंगरमाथ्यांवर मनोरे, त्यांना सौर ऊर्जेवर चालणारे रेडिओ, एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर उड्या मारत शेकडो मैलांचं जाळं. लहरी त्याच, परवाना न लागणाऱ्या.

म्हणजे यंत्रसामग्री पाहिली तर आमच्या टाकीवर होती त्याच जातीची. मग आमचं चौदा महिन्यांत का मेलं आणि यांचं वीस वर्षांनंतरही का चालू आहे?

एका शनिवारी मी तिकडे गेलो आणि डोळ्यांनी पाहिलं. मनोऱ्यावर चढणारी, बॅटऱ्या तपासणारी माणसं त्या वस्त्यांमधलीच होती. कंपनीची मदत तीन वर्षांत संपली, पण जाळं जमातींच्या संघटनेचं होतं. त्यांनी पुढे शाळा, कार्यालयं, मग घरं अशी जोडणी वाढवली. रेडिओ जुने झाले, बदलले. मालक बदलला नाही. २०२० साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ग्रामीण भागातल्या जमातींना २.५ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी अग्रक्रमाने अर्ज करायची संधी दिली, तेव्हा देशभरातून चारशेच्या वर अर्ज आले. त्यामागे अशा जाळ्यांनी कमावलेला आत्मविश्वास होता, असं मला वाटतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. १० वर्षांत यंत्र भंगारात जातं. या देशात 'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या २०१० साली सेकंदाला ४ मेगाबिट होती, २०१५ साली २५ झाली, २०२४ साली १००. आपण आज जे बसवू ते उद्या जुनं होणारच. टिकतं ते एकच : ते बदलायची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो माणूस किंवा ती संस्था.

ही अक्कल अमेरिकेला वायरलेसने शिकवली नाही, विजेने शिकवली. १९३५ च्या आसपास इथल्या शहरांत दहातल्या नऊ घरांत वीज होती आणि शेतावरच्या घरांत दहातल्या एका. वीज कंपन्यांचं म्हणणं तेच, परवडत नाही. रूझवेल्ट यांनी ११ मे १९३५ रोजी ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळी यंत्रणा काढली, पुढच्या वर्षी कायदा झाला. सरकारला आधी वाटलं होतं की स्वस्त कर्ज दिलं की कंपन्या खेड्यात जातील. कंपन्या गेल्या नाहीत. शेतकरी पुढे आले. पाच-पाच डॉलर भरून सभासद झाले, सहकारी संस्था काढल्या, सरकारने त्यांना लांब मुदतीची कर्जं दिली. खांब रोवायला सभासदच आले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दहातल्या नऊ शेतघरांत दिवे लागले होते. १९४९ पासून तीच यंत्रणा खेड्यातल्या टेलिफोनलाही कर्ज देऊ लागली. आणि आज त्याच वीज संस्थांपैकी कितीतरी आपल्या खांबांवरून इंटरनेट नेत आहेत. मिसिसिपी राज्यात त्यांना तशी मुभा देणारा कायदा २०१९ साली झाला.

सहकार म्हटलं की आपली मान ताठ होते. प्रवरानगरचा कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, हे आपल्याला अमेरिकेने शिकवलेलं नाही. पण अमेरिकेचा हा वीज सहकार मात्र महाराष्ट्रात खरोखर आला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? साठच्या दशकाच्या अखेरीस भारतात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रयोगादाखल निघाल्या. अमेरिकेतल्या वीज संस्थांच्या महासंघाने त्यासाठी सल्ला दिला होता. त्यातली एक होती अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. दुसरी बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची.

मुळा-प्रवरेने चाळीस वर्षं वीज दिली आणि थकबाकीच्या डोंगराखाली दबली. शेतीपंपाचे दर कमी, वसुली त्याहून कमी, आणि वरून घेतलेल्या विजेचं देणं चढत गेलेलं. २०११ साली तिचा परवाना संपला आणि तो भाग महावितरणकडे गेला. हुक्केरीची संस्था मात्र टिकली.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण आपल्या पुरोगामी मंडळींना 'लोकांची मालकी' हे शब्द फार आवडतात, मलाही आवडतात. पण मालकी म्हणजे नुसता हक्क नव्हे, बिलही. धनी म्हणवून घेणाऱ्याने बैलाला वैरण घालावी लागते. जिथे बिल सोडून फक्त हक्क घेतला जातो, तिथे सहकारसुद्धा आमच्या टाकीवरच्या ताटासारखाच बंद पडतो. फक्त वेळ जास्त लागतो.

आता दुसरा प्रश्न. धनी मिळाला, पण त्याला हे जनावर हवं कशाला आहे?

याचं उत्तर वारणानगरने दिलं. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणा समूह. १९९८ साली तिथे केंद्र सरकारचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. सत्तर गावं, गावोगाव संगणकाची केंद्रं. शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य, सरकारी दाखले, सगळं मिळणार होतं. तेव्हा इथे अमेरिकेत आपण सगळ्यांनी त्या बातम्या कौतुकाने वाचल्या होत्या. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथे जाऊन नीट पाहिलं. संगणक मुख्यतः एकाच कामाला लागत होते : शेतकऱ्याचा ऊस किती गेला, टनेज किती भरलं, पैसे किती निघाले. एवढंच काम असेल तर संगणक हवा कशाला? त्यांनी सात गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. शेतकऱ्यांची सोय झाली, खर्च कमी झाला.

यावर हसू नका. 'एवढा मोठा प्रकल्प आणि शेवटी एसएमएस' असं म्हणू नका. उसाचा हिशेब ही त्या शेतकऱ्याची खरी गरज होती. बाकीच्या गरजा आपण त्याच्या वतीने लिहिल्या होत्या. आमच्या हायस्कूलमध्ये तरी काय झालं? मुलांनी विश्वकोश वाचावा म्हणून मी इंटरनेट दिलं. प्रत्यक्षात त्याचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो दहावीचा निकाल बघायला. तो दिवस सोडला तर बाकीच्या दिवशी ते बंद पडलं तरी गावात बोंब झाली नाही. बोंब झाली असती तर बॅटरीत पाणी पडलं असतं.

याच धड्यावरून पुढे नीट काम झालेलंही मी पाहिलं. पालघर जिल्ह्यात, मुंबईपासून फार लांब नाही, मुंबई आयआयटीच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने 'ग्राममार्ग' नावाने काम उभं केलं. टीव्हीच्या वाहिन्यांमध्ये ज्या लहरी रिकाम्या पडून असतात, त्यांवरून खामलोली आणि आसपासच्या गावांत त्यांनी इंटरनेट नेऊन दाखवलं. या लहरी झाडाझुडपांतून वाट काढतात, त्यामुळे आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याला फार सोयीच्या. अमेरिकेने २००८ साली त्या मोकळ्या केल्या, आणि पुढच्या वर्षी व्हर्जिनियातल्या क्लॉडव्हिल या छोट्या वस्तीत पहिलं जाळं उभं राहिलं. भारतात तशी मोकळीक मिळाली नाही, फक्त प्रयोगापुरती परवानगी. मग या गटाने ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त लहरी घेऊन पंचवीस गावं जोडली. त्यांच्या मांडणीत सरकार आणि खासगी उद्योग यांच्या जोडीला ग्रामपंचायत भागीदार होती, पैसा आणि जबाबदारी या दोन्हींत. २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या कामाला सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. पण मला त्या मांडणीतला 'पंचायत' हा शब्द बक्षिसापेक्षा मोलाचा वाटतो.

तुमच्यातले काही जण मघापासून चुळबुळ करताहेत. त्यांना विचारायचंय, "अहो, २०१६ साली जिओ आलं, प्रत्येकाच्या खिशात डेटा आला. आता उपग्रहही आले. तुमचा प्रश्न संपला की!"

पुष्कळसा संपला, हे मी आनंदाने मान्य करतो. माझ्या गावात आज म्हातारी माणसंसुद्धा व्हिडिओवर नातवंडं बघतात. पण २०२० साल आठवा. शाळा बंद झाल्या तेव्हा घरात फोन एक आणि तो बापाबरोबर कामावर. कोकणात मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती. आणि इथे, जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासमध्ये दोन लहान मुली एका टाकोच्या दुकानाबाहेर फरशीवर बसून त्या दुकानाच्या वायफायवर शाळेचा अभ्यास करत असल्याचा फोटो सगळीकडे फिरला. सॅलिनास म्हणजे आपल्या सॅलडची पानं जिथून येतात ते खोरं. सिलिकॉन व्हॅलीपासून गाडीने फार तर दीड तास. तिथे लहरी होत्या. महिन्याचं बिल भरायला पैसे नव्हते.

त्या बिलासाठी फेडरल सरकारने महिन्याला तीस डॉलरची, जमातींच्या भूमीवर पंचाहत्तरपर्यंत मदत सुरू केली. दोन कोटी तीस लाख कुटुंबांनी ती घेतली. काँग्रेसने पुढचा पैसा मंजूर केला नाही आणि १ जून २०२४ ला मदत बंद झाली. दुसरीकडे जाळं उभारायला २०२१ च्या कायद्याने राज्यांना बेचाळीस अब्ज डॉलरच्या वर रक्कम देऊ केली. २०२५ च्या जूनमध्ये त्याचे नियम बदलले, फायबरला असलेलं प्राधान्य गेलं आणि वायरलेस व उपग्रह त्याच्या बरोबरीला आले. बघा, उभारायला पैसा आहे, चालवायला नाही. आमच्या साडेसात हजार डॉलरची आणि यांच्या बेचाळीस अब्जांची जात एकच.

उपग्रहाला माझा विरोध नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांसाठी स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. भामरागडच्या आरोग्य केंद्राला त्यामुळे जोडणी मिळाली तर मी पेढे वाटेन. पण पेढे वाटताना मी तेच तीन प्रश्न विचारेन : बिल कोण भरणार, बिघडलं तर कोण बघणार, आणि दर वाढवायचं ठरलं तर गावाला कुणाशी भांडता येणार? आकाशातून आलं म्हणून ताट निराळं होत नाही. त्यालाही धनी लागतो.

तेव्हा संध्याकाळच्या बैठकीसाठी माझ्या सूचना. पटल्या तर घ्या, नाहीतर भांडा.

एक, ज्या गावच्या ग्रामसभेने ठराव केलेला नाही, तिथे आपला पैसा जाऊ नये. सरपंचाचं पत्र नको, मुख्याध्यापकांचा आपल्याशी असलेला स्नेह नको, ग्रामसभेचा ठराव हवा. आणि त्या ठरावात इंटरनेट कशाला हवं हे गावाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं हवं.

दोन, आपल्या निधीतला निम्म्याहून जास्त भाग पाच वर्षांच्या पगारासाठी राखावा. गावातल्या दोन माणसांच्या, एकाच्या नव्हे. एकजण पुण्याला जाणार हे गृहीत धरा, आणि गेला तर त्याला शुभेच्छा द्या. शक्यतो त्यातली एक बाई असावी, कारण लग्न करून गावात आलेली बाई सहसा गाव सोडत नाही.

तीन, पहिल्या दिवसापासून गावाने वर्गणी द्यावी. दहा रुपये का होईनात. फुकटाला धनी नसतो.

चार, उद्घाटनाचे फोटो मागायचे नाहीत. तीन वर्षांनंतरची बॅटरीची वही मागायची.

आणि पाचवी सूचना थोडी अवघड आहे. आपण इथे राहतो, इथे कर भरतो. आपल्या काउंटीत ब्रॉडबँडच्या पैशाच्या जाहीर सुनावण्या होतात, तिथे खुर्च्या रिकाम्या असतात. टेलिकॉममधली इतकी माणसं या खोलीत आहेत. सॅलिनासच्या मुलीसाठी आपण तीन मिनिटं बोलायला गेलो, तर आपली मराठी बाटणार नाही. गावावरचं आपलं प्रेम खरं असेल, तर ते शेजारच्या गावालाही पुरायला हवं.

शेवटी माझ्या गावाचं काय झालं ते सांगतो, म्हणजे मी बसतो.

२०२१ साली मी पुन्हा गेलो, या खेपेला यंत्राशिवाय. भारतात ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २०१८ सालीच घराबाहेर मोकळ्या झाल्या होत्या, आणि २०२० च्या डिसेंबरात 'पीएम-वाणी' योजना आल्यावर गावातल्या लहान दुकानालाही परवान्याशिवाय वायफाय विकता येऊ लागलं होतं. ग्रामसभेत मी बोललो नाही, ऐकलं. लोकांना हवं होतं ते असं : पीकविम्याचे, छावणीचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला तालुक्याला खेटे घालायला लागू नयेत. बचत गटाच्या बायकांनी ते काम मागितलं. गटाने स्वतःचे वीस हजार घातले, आम्ही रेडिओ आणि दोघींचा पगार दिला. खोलीची किल्ली गटाच्या अध्यक्षबाईंकडे असते. मुलं संध्याकाळी तिथेच अभ्यासाला येतात, त्यांना आकार नाही, तो गटाचाच निर्णय.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुन्हा वळीव आला, पुन्हा वीज पडली, पुन्हा टाकीवरचा रेडिओ जळला. बायकांनी गटाच्या पैशातून नवा आणला, दोघींनी दोन दिवसांत बसवला. मला हे कसं कळलं? महिन्याभराने चुलतभावाचा फोन आला होता दुसऱ्याच कामासाठी, तेव्हा बोलता बोलता निघालं. मी जरा रुसून म्हटलं, "अरे, मला कळवायचं तरी!"

तो म्हणाला, "तुम्हाला कशापायी? धनी हाईत की हितं."